रिमोट लपवा आणि प्रेमपट बघा

नमस्कार मंडळी. विषय दिलाय 'घरबसल्या प्रेमपट, जुने आणि नवे', आणि वेळ दिलाय चाळीस मिनिटं, त्यातली दहा तर माझी ओळख करून देण्यातच गेली. असो. मला एकच सांगायचंय. प्रेमपटातली खरी गंमत वाट बघण्यात असते आणि घरातला रिमोट नेमकी तीच खातो. हे मी पुराव्यानिशी सिद्ध करणार आहे, पण आधी थोडं व्हीसीआरबद्दल.

इथे पन्नाशीच्या पुढचे किती आहेत? हात नका वर करू, केस दिसतायत. तर तुम्हाला आठवत असेल, चाळीत वर्गणी काढून एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्याने आणायचा, सोबत कलर टीव्ही, तीन कॅसेटी आणि सगळं जोडून देणारा पोऱ्या. (टेप अडकली तर भरपाई आपण द्यायची, हा माझा जुना राग आहे, त्यात आत्ता शिरत नाही.) पहिली कॅसेट मारामारीची, कारण पोरं जागी असतात. दुसरी विनोदी, तोवर बायकांची आवराआवर झालेली. आणि प्रेमाची, जी आम्हाला खरी बघायची असायची, ती लागायची पहाटे तीनला, निम्मी चाळ आडवी झाल्यावर.

आमच्याकडे एक काका होते, नाव नाही सांगत. मारामारीत ते मस्त घोरायचे. पण हिरो-हिरॉईन जरा जवळ आले की ताडकन उठून बसणार आणि म्हणणार, "पुढे घे रे, प्रिंट खराब आहे." प्रिंट ठणठणीत असायची! पोऱ्या बिचारा बटण दाबायचा, पडद्यावर आडव्या रेघा, त्या रेघांतून ती दोघं तुरुतुरु झाडामागे जाऊन परत यायची, आणि बटण सोडलं की थेट मुलीच्या बापाचा विरोध. म्हणजे प्रेम जमलं कधी ते आम्हाला कळायचंच नाही, मोडताना मात्र सगळं दिसायचं. (हशा) हसू नका, आमच्यातल्या कित्येकांनी पुढे लग्नंही याच पद्धतीने केली.

आता काका गेले, पण त्यांचं बटण प्रत्येकाच्या हातात आलंय. परवा लेकीला हौसेने 'छोटी सी बात' दाखवायला बसलो. १९७६चा पिक्चर, बासू चटर्जींचा. अमोल पालेकर बस स्टॉपवर, विद्या सिन्हा बस स्टॉपवर, आणि हा पठ्ठ्या तोंडच उघडत नाही. लेक म्हणाली, "बाबा, हा बोलत का नाहीये?" आणि दहा सेकंद पुढे, परत दहा सेकंद पुढे. अगं, तो बोलत नाही हाच तर पिक्चर आहे! असरानी स्कूटर घेऊन येतो, तिला मागे बसवून नेतो आणि पालेकर तिथेच उभा, तो चेहरा बघायला मी बसलो होतो, तोच गेला. त्यातलं जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार नावाचं कॅफेसुद्धा गेलं, २०१५मध्ये बंद पडलं, म्हणजे आता तिथे बसायचं तर पिक्चरमध्येच, आणि तेही ही पुढे ढकलणार.

चिठ्ठी आलीये, पाच मिनिटं. बरं, भराभर सांगतो. 'दिलवाले दुल्हनिया'मधलं ते "पलट, पलट" आठवा, ती वळेपर्यंत जीव टांगणीला, दीडपट स्पीडवर ती वळून गेलेली असते. 'सैराट' अर्धा टॉकीजमध्येच बघायचा, झिंगाटला घरात शिट्ट्या कोण मारणार, पण शेवट घरी बघा, तिथे पार्श्वसंगीतच नाही आणि बाजूला गर्दीही नाही, मग कळतं तो किती भयंकर आहे. 'मुंबई-पुणे-मुंबई' म्हणजे एका दिवसात दोन माणसांच्या गप्पा, तो तर घरातलाच पिक्चर, फक्त मध्ये कुकर लावायला उठू नका.

आणि माझा मुख्य पुरावा, 'लंचबॉक्स', २०१३. निम्रत कौर हॉटेलात एकटी ताटकळत बसलीये, इरफान येतच नाही. तो आला होता, तिला लांबून बघून परत गेला, हे आपल्याला नंतर त्याच्या चिठ्ठीतून कळतं. आता तुम्ही तिचं ते ताटकळणंच दहा-दहा सेकंदांनी उडवलंत, तर ती चिठ्ठी तुम्हाला लागणार कशी?

हॉलला साडेआठला कुलूप लावतात म्हणे. वाद घालायचाय त्यांनी चहापाशी या.