एकसरचे वीरगळ : पाषाणात कोरलेले दर्यावर्दी योद्धे

मुंबई मेट्रोच्या मार्गावर बोरिवली पश्चिम आणि मंडपेश्वर यांच्या मध्ये एकसर हे स्थानक लागते. ज्या गावावरून त्याला हे नाव मिळाले, ते गाव वीरगळांसाठी, म्हणजे लढता लढता धारातीर्थी पडलेल्या योद्ध्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या कोरीव शिळांसाठी प्रसिद्ध आहे. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ सालच्या गॅझेटियरने येथे तळ्याच्या पश्चिम काठावर आमराई आणि त्या आमराईत ओळीने सहा शिळा असल्याची नोंद केली. त्यांपैकी काही सुमारे दहा फूट उंचीच्या होत्या.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. सर्वांत खालच्या चौकटीत युद्ध किंवा रणात कोसळलेला वीर असतो, त्याच्या वर अप्सरा त्याला स्वर्गाकडे नेत असतात, आणि आणखी वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला दिसतो. शिळेच्या माथ्यावर कलश कोरतात आणि पुष्कळदा चंद्र-सूर्यही कोरतात, कारण आकाशात चंद्र-सूर्य आहेत तोवर त्या वीराची कीर्ती राहावी, अशी शिळा उभारणाऱ्यांची इच्छा असे.

देशावरच्या वीरगळांत गाईगुरे वाचवताना पडलेला वीर नेहमी भेटतो. एकसरला मात्र लढाई पाण्यावर उतरली आहे. इथल्या शिळांवर डोलकाठ्या उभारलेली, मागची बाजू उंच असलेली गलबते एकामागून एक चालून येतात. त्यांच्या कडेने वल्ह्यांची रांग आहे आणि वर शस्त्रे घेतलेली माणसे दाटीवाटीने उभी आहेत. शिल्पकाराने पार्श्वभूमी खोल उतरवून आकृत्या उठावदार ठेवल्या आहेत, त्यामुळे बाजूने उन्हाची तिरीप पडली की वल्ह्याची एकेक काठी वेगळी दिसू लागते. मध्ययुगातील कोकणचे आरमार प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहता येईल अशी साधने फार थोडी उरली आहेत, आणि म्हणूनच या शिळांचे मोल एका गावापुरते नाही.

ही लढाई कोणती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. अनेक जण या चित्रांचा संबंध १२६५ च्या सुमारास उत्तर कोकणच्या शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यात झालेल्या संघर्षाशी जोडतात, तर काहींच्या मते ती त्याहून जुन्या काळातली आहेत. यादवांचा मंत्री हेमाद्री याने लिहिलेल्या प्रशस्तीनुसार, महादेवाच्या क्रोधाग्नीत जळण्यापेक्षा सोमेश्वराने समुद्रातला अग्नी, वडवानल, पत्करला, म्हणजेच तो बुडून मेला. विजेत्याच्या दरबारातले हे वर्णन अलंकारिक आहे हे उघड आहे, तरी त्यातून युद्धाचा शेवट समुद्रावर झाला एवढे नक्की कळते. राजांची नावे अशा प्रशस्तींनी आणि ताम्रपटांनी राखली; गलबतांवर लढून मेलेल्यांसाठी या शिळांखेरीज दुसरा कागद नाही.

अशा शिळा शतकानुशतके टिकल्या, यात गावकऱ्यांच्या श्रद्धेचा वाटा मोठा आहे. महाराष्ट्रात ठिकठिकाणी वीरगळाला देव मानून शेंदूर लावतात, नारळ वाढवतात, आणि ज्याची पूजा होते त्या दगडाला कोणी सहसा पायरी किंवा धुण्याचा दगड करत नाही. पण शेंदराच्या पुटांखाली कोरीवकाम बुजत जाते. त्याहून घातक तैलरंग, कारण तो दगडातला ओलावा आत कोंडून ठेवतो आणि पुढे पापुद्र्यांबरोबर दगडाचा पृष्ठभागही सुटू लागतो. समुद्राकाठच्या खाऱ्या, दमट हवेत हे लवकर घडते.

सर्वांत मोठे नुकसान मात्र भक्तिभावाने केलेल्या दुरुस्तीतून होते आणि ते चटकन लक्षातही येत नाही. शिळेभोवती भराव टाकून फरशी बसवली किंवा सिमेंटचा ओटा बांधला की सर्वांत आधी खालची चौकट गाडली जाते. आणि लढाई, गलबते, पडलेला वीर हे सगळे तर खालीच असते. वरची पूजा आणि कलश तेवढे दिसत राहतात, त्यामुळे शिळा सुरक्षित आहे असे वाटते.

वीरगळ उचलून संग्रहालयात नेणे हा प्रत्येक ठिकाणी योग्य उपाय नाही, कारण तळे, देऊळ आणि गावाची शीव यांच्याशी असलेले त्याचे नाते तिथे तुटते. जागीच राखायचा असेल, तर आधी तिरप्या प्रकाशात प्रत्येक चौकटीची छायाचित्रे घ्यावीत, मोजमापे नोंदवावीत आणि शक्य असल्यास त्रिमितीय प्रतिकृती तयार करावी. धूळ साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने काढावी. आम्ल, तारेचा ब्रश आणि छिन्नी यांना हात लावू नये. शेंदराची पुटे आणि तैलरंग काढण्याचे काम जाणकार संवर्धकाकडेच सोपवावे, आणि ते गावाला विश्वासात घेऊनच व्हावे. पुरावस्तूंविषयीच्या १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने असे शिल्प पुरावस्तू ठरते, त्यामुळे गाडलेली चौकट मोकळी करण्याआधी पुरातत्त्व खात्याला कळवावे आणि खोदकाम त्यांच्याच देखरेखीखाली करावे.