म्या कापूस येचला

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय 'इंग्रजीतले काळ आणि ॲक्टिव्ह-पॅसिव्ह'. समोर निम्म्याहून जास्त शिक्षकच बसलेले दिसतात, म्हणजे बारा काळांचा तक्ता तुम्हाला झोपेतून उठवून विचारला तरी येईल. तिकडे मी येतोच. पण आधी मला एका शब्दाबद्दल बोलू द्या. तो शब्द म्हणजे 'म्या'.

हसलात ना? माझाही अख्खा वर्ग असाच हसला होता. मी पाचवीत होतो. दिवाळीनंतरचे दिवस, कापसाची वेचणी चालू. सरांनी विचारलं, काल शाळेत का आला नाहीस? मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सर, म्या कापूस येचला." सरांनी मला फळ्यापाशी बोलावलं आणि 'मी कापूस वेचला' असं पन्नास वेळा मोठ्यानं म्हणायला लावलं. तीस-पस्तीसपर्यंत पोरं हसत होती, मग त्यांनाही कंटाळा आला. संध्याकाळी घरी गेलो. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. मी तिला म्हणालो, "आई, तू म्या म्हणत नको जाऊ, ते गावंढळ असतं." तिनं तव्यावरची भाकरी उलटली, बोलली काही नाही. पण त्यानंतर सर कधी रस्त्यात भेटले की ती पदर सारखा करायची आणि नुसती मान हलवायची. सरांपुढं ती पुन्हा बोललीच नाही. या गोष्टीला साठ वर्षं होत आली, तरी ती मला सलते. सरांपेक्षा मीच तिला जास्त गप्प केलं होतं.

कॉलेजात व्याकरण नीट वाचलं तेव्हा कळलं की आई चुकत नव्हती. जुन्या मराठीत 'म्यां' आणि 'त्वां' ही 'मी' आणि 'तू' यांची तृतीयेची रूपं आहेत. आत्ता सुरुवातीला आपण सगळ्यांनी पसायदान म्हटलं. 'विश्वात्मकें देवें' यातलं 'देवें' म्हणजे देवाने. त्याच घरातला हा 'म्या'. प्रमाण मराठीत आपण 'त्यानं वेचला', 'आईनं वेचला' म्हणतो, पण 'मी' आला की तो कोराच ठेवतो. माझ्या आईनं ती जागा भरलेली ठेवली होती. 'म्या बाजारला जाते' असं ती कधी म्हणाली नाही. तिथं 'मी जाते'. पण 'म्या भाकर केली'. कुठं मी आणि कुठं म्या, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं आणि तिची एकदाही चूक झाली नाही.

आता तिचंच वाक्य ऐका. "म्या कापूस येचला, तूर सोंगली, गवत काढलं." बाई एकच. पण येचला, सोंगली, काढलं! क्रियापद तिच्याकडं बघतच नाही, ते पिकाकडं बघतं. मोरो केशव दामल्यांनी १९११ साली मोठं व्याकरण लिहिलं. त्या परंपरेत याला कर्मणी प्रयोग म्हणतात.

माझे वडील निजामाच्या राज्यात शिकले, १९४८ च्या आधी, उर्दूतून. ते 'मैंने खत लिखा' आणि 'मैंने चिट्ठी लिखी' म्हणायचे, म्हणजे तिथंही क्रियापद कर्मामागं. आणि आमच्या गल्लीतले दखनी बोलणारे मित्र म्हणायचे, 'मैं चिट्ठी लिखा'. 'ने' नाही, क्रियापद थेट लिहिणाऱ्यामागं. उर्दूवाले त्यांना हसायचे, आम्हाला प्रमाण मराठीवाले हसायचे. पण वर्गात बसलेल्या मराठवाड्याच्या पोराच्या कानात हे सगळे प्रकार आधीच असतात. एवढी शिदोरी घेऊन आलेल्या पोराला आपण सांगतो की तुला भाषा येत नाही.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं राहिलीत. बरं, मुद्द्यावर येतो.

एका मुलीच्या वहीत मी वाक्य पाहिलं होतं: 'बाय माय मदर कॉटन पिक्ड.' वर लाल फुली. ती मुलगी असं का लिहिते? आपणच तिला शिकवलंय की पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग, आणि 'ने' म्हणजे 'बाय'. तिनं 'आईने कापूस वेचला' हे वाक्य घेतलं आणि आपलाच नियम लावला. चूक आपली आहे. आपला प्रयोग सांगतो, क्रियापद कुणाप्रमाणे चालतं. इंग्रजी व्हॉइस सांगतो, कर्त्याच्या खुर्चीवर कुणाला बसवलंय. 'आईने कापूस वेचला' हा मराठीत कर्मणी, पण त्याचं इंग्रजी 'मदर पिक्ड कॉटन', सरळ ॲक्टिव्ह. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळ जातं ते 'कापूस वेचला गेला' किंवा 'वेचण्यात आला'.

काळांचं थोडक्यात. इंग्रजी क्रियापदाच्या अंगात काळाची रूपं दोनच, वर्तमान आणि भूत. भविष्य 'विल' आणून सांगतात. तक्त्याचे बारा खण होतात ते दोन प्रश्नांमुळं: केव्हा, आणि काम चालू आहे की उरकलंय. पोरं अडकतात ती 'हॅज'पाशी. आपण बिनधास्त म्हणतो, 'तो काल आलाय'. इंग्रजीत 'यस्टर्डे' आला की 'हॅज' चालत नाही, 'ही केम यस्टर्डे'.

पॅसिव्हमध्ये तिसरं रूप जागचं हलत नाही. इज पिक्ड, वॉज पिक्ड, हॅज बीन पिक्ड, विल बी पिक्ड, 'पिक्ड' तोच. काळ सगळा 'बी' (इज, वॉज, बीन ही त्याचीच रूपं) आणि त्याच्या आधीचे 'हॅज', 'विल' वाहतात. हे एकदा कळलं की तक्ता पाठ करावा लागत नाही. 'गो', 'स्लीप' यांना कर्मच नाही, त्यांचं पॅसिव्ह विचारू नका. आणि दर वाक्याला 'बाय' चिकटवायची सक्ती सोडा. 'जायकवाडीतून पाणी सोडण्यात येत आहे' अशी सूचना निघते तेव्हा दार कुणी उघडलं हे नदीकाठच्या माणसाला नको असतं, त्याला पाण्याचं कळायला हवं. पॅसिव्हची खरी जागा ती.

हो, हो, आवरतो. एवढं एकच करा. उद्या पोरांना सांगा, काल घरी काय काम झालं ते आईच्या तोंडचं वाक्य जसंच्या तसं आणा. फळ्यावर आधी ते लिहा, 'म्या'सकट, आणि पोरांना वाचू द्या. मग त्याच्याखाली इंग्रजी लिहा: 'आय पिक्ड कॉटन.' कर्ता आई, काळ साधा भूत, व्हॉइस ॲक्टिव्ह.