पोऱ्यानं नाव कार्डमा शे का?

श्रोते हो, राम राम. धडगाव-मोलगीच्या डोंगरापासून चाळीसगाव-पारोळ्याच्या शिवारापर्यंत जे कुणी ऐकताय, त्या सगळ्यांना.

मी साक्री तालुक्यात आरोग्यसेविका होते. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत कुणाच्याही ओट्यावर टेकले की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे, "माय, पोऱ्यानं नाव कार्डमा शे का?" म्हणजे लेकराचं नाव रेशनकार्डावर आहे का? लसीचं नंतर विचारायची.

याला कारण एक बाळ आहे. ऊसतोडीच्या तळावर, कोपीत म्हणजे मजुरांच्या झोपडीत जन्मलेलं. अंगणवाडीत तपासणी पथक आलं, तेव्हा डॉक्टरांना त्याच्या छातीत वेगळा आवाज ऐकू आला. हृदयाला छिद्र होतं. ऑपरेशन सरकारी योजनेत बसत होतं. पण रुग्णालयात कागद मागितले, तर रेशनकार्डावर बाळाचं नाव नाही आणि जन्मदाखलाही नाही. जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथंच करावी लागते, म्हणजे कारखान्याच्या गावी. शिवाय वर्ष उलटलेलं, त्यामुळे दंडाधिकाऱ्यांचा आदेश हवा. बाप दोन जिल्ह्यांत हेलपाटे मारत राहिला. तोवर तपासण्यांसाठी मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून जादा उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम घेतली. ऑपरेशन झालं, मूल वाचलं. उचल मात्र पुढचे दोन हंगाम फिटली नाही. ते घर आठवलं की आजही मला राग येतो. पैसा सरकारनं ठेवलेला होता, अडलं ते एका कागदापाशी.

२०१२ साली ही योजना पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला धुळे जिल्हा होता. आज तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०२४ पासून ती सगळ्याच रेशनकार्डधारकांना लागू आहे, पिवळं असो, केशरी असो की पांढरं. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. दाखल झाल्यावरच्या तपासण्या, शस्त्रक्रिया, औषधं, जेवण, घरी परतायचं भाडंसुद्धा त्यातच. साध्या सर्दी-तापाच्या गोळ्या त्यात येत नाहीत, त्यासाठी आपलं आरोग्य केंद्र आहे.

बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर दाखला घेतल्याशिवाय गावाकडची गाडी धरू नका. घरी किंवा तळावर झालं असेल तर तिथल्या ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत सांगा, पैसे पडत नाहीत. मग दाखला घेऊन तहसीलच्या पुरवठा शाखेत जा आणि कार्डावर नाव चढवा. मुलीचंही. तिचं नाव मागं ठेवलेली घरं मी फार पाहिली आहेत.

आणि नाव चढण्याआधीच लेकरू आजारी पडलं, तर घाबरून सावकार गाठू नका. आई किंवा बापासोबतचा बाळाचा फोटो, जन्मदाखला आणि रेशनकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे तिथं योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाला भेटा. कोणतं रुग्णालय योजनेत आहे ते १५५३८८ या नंबरवर फुकट सांगतात. पुन्हा सांगते, लिहून घ्या. एक, पाच, पाच, तीन, आठ, आठ.