शिबपूरच्या बागेचा चार्ज

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्या दारात कुंडीत सायकस आहे का? ताडासारखं दिसतं, पण ताड नव्हे. असेल तर जरा आठवा, वर्षातून एकदा मधोमध नवी पानं येतात. कोवळी असताना ती मऊ लव्हाळ्यासारखी असतात आणि दोन-तीन आठवड्यांत टोचायला लागतात. पण खोड? खोड वर्षभरात बोटभरसुद्धा चढत नाही. अशा झाडांची दुतर्फा रांग उभी राहायला किती वर्षं लागत असतील! आजची गोष्ट अशाच एका रांगेची.

कलकत्त्याजवळ, हुगळीच्या पश्चिम काठावर शिबपूर आहे. तिथे ईस्ट इंडिया कंपनीची वनस्पती-बाग, कर्नल रॉबर्ट किड यांनी 1787 साली सुरू केलेली. आज तिला जगदीशचंद्र बोस यांचं नाव आहे. महावटवृक्षाचे फोटो तुम्ही पाहिले असतील, तीच ही बाग.

1817 पासून ही बाग नथॅनिएल वॉलिच यांच्या ताब्यात. मूळचे कोपनहेगनचे डॉक्टर. कलकत्त्याजवळच्या सेरामपूरला डॅनिश वसाहतीत नोकरीला आले, इंग्रजांनी सेरामपूर घेतलं तेव्हा कैदेत पडले, सुटले आणि पुढे या बागेचेच झाले. विष्णुप्रसाद आणि गोराचांद हे त्यांचे चित्रकार. ही दोन नावं मी मुद्दाम घेतो. साहेबांची नावं झाडांना लागली, पण पाकळीची शीर न् शीर ज्यांनी कागदावर उतरवली त्यांची नावं आपल्या शाळेत कोणी सांगत नाही. सांगायला हवीत.

तर 1842 साली वॉलिच आजारी पडले आणि हवापालटाला आफ्रिकेच्या टोकाला, केपला गेले. मागे बागेचा चार्ज कोणाकडे? विल्यम ग्रिफिथ या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे. वय 32. बुद्धी तल्लख, कामाला वाघ. पण या दोघांचं आधीच बिनसलेलं होतं. 1835-36 मध्ये चहाची पाहणी करायला सरकारने दोघांना एकत्र आसामात पाठवलं, तिथेच वाजलं. एका कचेरीत ज्यांचं पटत नाही त्यांनाच एकमेकांचा चार्ज द्यायचा, हे तुम्हीही नोकरीत पाहिलं असेल.

लक्षात ठेवा, चार्ज हंगामी होता. बाग कायमची त्यांची नव्हती.

ग्रिफिथ यांनी बाग बघितली आणि त्यांना ती पसंत पडली नाही. त्यांना शास्त्राची बाग हवी होती. कुळाशेजारी कूळ, म्हणजे विद्यार्थी चालत गेला की वनस्पतींचं नातं त्याला डोळ्यांनी दिसेल. आणि श्रोतेहो, यात त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. ते मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. बागेचा वाळवलेल्या नमुन्यांचा मोठा संग्रह वॉलिच यांनीच 1828 साली लंडनला नेला आणि युरोपभर वाटून टाकला होता. मग इथल्या मुलांना दाखवायचं काय?

पण त्यासाठी कुऱ्हाड चालली. साग गेला. महोगनी गेली. लवंग, जायफळ, दालचिनीची झाडं गेली. आणि ती सायकसची रांग, जी बघायला लोक मुद्दाम येत, तीसुद्धा गेली. हंगामी चार्ज, आणि अर्ध्या शतकाची झाडं.

1844 साली वॉलिच परतले. सत्तावीस वर्षांपूर्वी हाती घेतलेल्या बागेत माणूस परत येतो. नदीकडून आत यायचं, आणि पाय सवयीने ज्या सावलीकडे वळतात तिथे ऊन. मी शिबपूरला गेलो तेव्हा हा प्रसंग डोक्यातून जाईना. एका झाडाच्या बुंध्याला हात लावून बराच वेळ उभा राहिलो होतो.

इथे एक सांगून टाकतो. सोसायटीत नवी कमिटी आली की पहिलं काम काय? बुंध्यापर्यंत फरशी आणि फांद्यांवर करवत. कारण काय, तर पार्किंग आणि कचरा! कमिटी पाच वर्षांची असते हो. गुलमोहर आपल्या आजोबांच्या वेळचा असतो. बुंध्याभोवती तीन हात माती मोकळी ठेवा, एवढं तरी करा.

त्याच काळात आपल्याकडे पुण्याजवळ दापोडीला सरकारी वनस्पती-बाग होती, डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन ती सांभाळत. तिच्यावर पुन्हा कधीतरी बोलू.

शिबपूरचं पुढे काय झालं? डिसेंबर 1844 मध्ये ग्रिफिथ चार्ज सोडून मलायातल्या मलाक्काला गेले. तीनच महिन्यांपूर्वी लग्न झालेलं. फेब्रुवारी 1845 मध्ये यकृताच्या आजाराने तिथेच वारले. वय अवघं 34. किती काम त्यांच्या हातून व्हायचं राहिलं! वॉलिच यांनीही 1846 साली बाग सोडली.

1848 साली इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर आले. हिमालयात जाण्याआधी त्यांनी ही बाग पाहिली आणि तोडलेल्या झाडांची नावं घेऊन लिहून ठेवलं. त्यांची मुख्य तक्रार सावली नाही ही होती, आणि उष्ण देशातल्या बागेत सावलीच पहिली हवी. त्या एप्रिल-मे मध्ये खुरपं हातात घेऊन वाफ्यात बसलेले माळी दुपारी टेकायला कुठे जात असतील, हा विचार माझ्या मनातून अजून जात नाही.

नमस्कार.