मावळतीचं ऊन आणि घराची ओसरी

(दृश्य : नागपूर. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, सायंकाळचे ५. नव्या लेआउटमधलं पश्चिममुखी घर.)

घड्याळात पाच वाजलेत, पण नागपूरच्या मे महिन्यात ही अजून दुपारच असते. सूर्य क्षितिजापासून तेवीस-चोवीस अंश वर आहे आणि बरोबर या घराच्या तोंडासमोर आहे.

ही ओसरी बघा. आतपर्यंत १० फूट, पुढच्या कडेला छताची उंची ८ फूट. नकाशावर ही जागा भरपूर सावलीची वाटते. प्रत्यक्षात ऊन छताखालून आत शिरलंय, सगळी फरशी ओलांडून मागच्या भिंतीवर साडेतीन फूट चढलंय. झोपाळा आहे, वेताच्या खुर्च्या आहेत, आणि बसायला कोणीही नाही. झोपाळ्याच्या लोखंडी कडीला हात लावला तर चटका बसतो.

चार वाजताच हे ऊन भिंतीच्या बुडाशी पोचलं होतं. सूर्य मावळणार पावणेसातनंतर. म्हणजे पावणेतीन तास कोटा फरशी आणि विटांची भिंत तापत राहणार, आणि रात्रीची जेवणं आटोपली तरी ती उष्णता बाहेर पडत राहणार. भरीला दुपारचा गरम, कोरडा वाराही याच दिशेकडून येतो. घर बांधताना ज्या ओसरीसाठी एवढी हौस केली, ती उन्हाळ्यात नेमकी संध्याकाळीच निकामी होते, याचं फार वाईट वाटतं.

(दृश्य : दुपारी बाराचं अंगण. उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच गोळा झालेली.)

नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात इथे शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य थेट डोक्यावर. पण डोक्यावरचं ऊन अडवणं सोपं असतं. दोन फुटांचा सज्जाही ते अडवतो. खरा त्रास मावळतीकडे कललेल्या उन्हाचा. त्याच्यापुढे छत कितीही पुढे काढा, पुरत नाही. त्याला आडवं छप्पर नको, उभा आडोसा हवा.

(दृश्य : त्याच घराची मागची, पूर्वेची बाजू. वेळ तीच.)

आता मागे या. इथे छप्परही नाही, तरी सावली आहे. ११ फूट उंचीच्या या घराची सावली पूर्वेला जवळपास २४ फुटांपर्यंत पडलीय. चार वाजता ती १४ फूट होती. ही फरशी दुपारनंतर तापलीच नाही. वर आकाश मोकळं, त्यामुळे दिवे लागेपर्यंत ती आणखी निवेल. एक बादली पाणी शिंपडलं की विदर्भाच्या कोरड्या हवेत लगेच गारवा जाणवतो. खाट टाकावी तर इथेच.

पूर्वेला सकाळचं ऊन येतंच, आणि तेही तितकंच तिरपं असतं. फरक हवेचा आहे. रात्रभरात हवा निवलेली असते, भिंती निवलेल्या असतात. शिवाय कुरडया, सांडगे, पापड वाळत घालायला ऊन हवंच की. नऊ-दहापर्यंत वाळवण, संध्याकाळी बैठक, अशी एकाच जागेची दोन कामं होतात.

दक्षिणेला लोक उगाच घाबरतात. मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य इथे भर दुपारीही किंचित उत्तरेकडेच असतो. छप्पर असलेल्या दक्षिणेच्या ओसरीत तेव्हा ऊन जवळजवळ येत नाही. मार्चच्या २१ तारखेला, आठ फुटी छताखाली, दुपारचं ऊन तीन फूट आत येतं. डिसेंबरात आठ फूट, म्हणजे थंडीत पाठ शेकायला हवं तेवढं. ऑक्टोबरचा उकाडा तेवढा सोसावा लागतो. पूर्व मिळत नसेल तर मी बेधडक दक्षिण घ्या म्हणेन. उत्तरेला उन्हाळ्यात संध्याकाळचं ऊन बाजूने घुसतं. तिथे पश्चिमेच्या टोकाला एक भिंत घातली की काम भागतं.

(दृश्य : पश्चिमेला रस्ता असलेला प्लॉट. खडूने आखलेला नकाशा.)

प्लॉटचा रस्ता पश्चिमेला असेल तर? दर्शनी भाग पश्चिमेलाच राहू द्या. तिथे गाडी लावा, जिना घ्या, कोठीघर आणि बाथरूम त्या बाजूला सरकवा. ऊन त्यांच्यावर जाऊ दे. बैठक मागे घ्या. मागचं अंगण म्हणजे धुणी-भांडी आणि अडगळीची जागा, ही सवय मोडायला हवी. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत तीच घरातली सगळ्यात सुखाची जागा असते.

घर बांधून झालं असेल तर आडोसा करावा. बांबूची चिक ओसरीच्या बाहेरच्या कडेला सोडा. ऊन आत आल्यावर पडदा ओढून उपयोग नसतो. वाळ्याची ताटी असेल तर तिच्यावर पाणी मारा. खेड्यांत दरवर्षी अंगणात बांबू रोवून वर तुराट्या टाकून मांडव घालतात, त्यात हेच शहाणपण आहे. आणि जागा असेल तर पश्चिमेला कडुनिंब लावा. पाच वाजता २० फुटी झाडाची सावली ४५ फुटांपर्यंत जाते, म्हणून तो घराला खेटून लावायची गरज नाही. मार्चमध्ये पानगळ होते, पण मे येईपर्यंत तो पुन्हा दाट झालेला असतो.

रत्नागिरी-मालवणकडे हा हिशेब जसाच्या तसा नेऊ नका. तिथली हवा दमट, पाणी शिंपडून गारवा येत नाही. आणि दुपारी पश्चिमेकडून समुद्राचा वारा येतो, तो घरात घ्यायचाच असतो. तिथे पश्चिम बंद केली तर जीव घुसमटेल.

(दृश्य : मोकळा प्लॉट. मातीत रोवलेली काठी, लांब पडलेली सावली.)

विदर्भात बांधकाम काढायचं असेल तर मेअखेरीस पाच वाजता प्लॉटवर जा. पाच फुटी काठी उभी करा. तिची सावली साडेअकरा फूट पडेल. दिशा बघायला मोबाइलवरचं होकायंत्र चालेल, फक्त सळयांच्या ढिगाजवळ धरू नका. सावली पडलेल्या दिशेला चुन्याची रेघ मारा आणि पायाची आखणी करायला मिस्त्री येईल तेव्हा ती त्याला दाखवा, म्हणावं बैठक या बाजूला.