मळीच्या भिंती

या भिंतीच्या माथ्यावरचा काळा दगड जरा नीट बघा. तो दगड नाहीच. तांबं गाळून उरलेली ती मळी आहे, वितळलेली असतानाच साच्यात ओतून घडवलेली.

हे हावोद. वेल्समधल्या स्वान्सी शहरात, तावे नदीच्या काठावर. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलहून आलेल्या जॉन विव्हियन यांनी 1810 मध्ये इथे तांब्याच्या भट्ट्या पेटवल्या आणि कारभार मुलाकडे, जॉन हेन्रीकडे आला. एवढ्या दूर येण्याचं कारण कोळसा. तांबं गाळायला खनिजापेक्षा कोळसाच जास्त लागायचा, म्हणून खनिजच कोळशापाशी आणायचं. आधी कॉर्नवॉलचं, पुढे क्युबाचं, आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला वळसा घालून येणारं चिलीचं.

कामगारांसाठी विव्हियनांनी गावच वसवलं: ट्रेविव्हियन. घरं बांधली, मुलांसाठी शाळा काढली, पुढे चर्चही उभं राहिलं. ओडो स्ट्रीट, ग्रॅहम स्ट्रीट... रस्त्यांच्या पाट्या वाचत गेलं, की विव्हियनांच्या घरातली बारशीच वाचतोय असं वाटतं.

आणि या सगळ्यावर धूर. गंधकाचा, आर्सेनिकचा. शाळेतली पोरं तोच धूर श्वासात घ्यायची. समोरच्या किल्वी टेकडीवर गवताची काडी उरली नाही. जॉन हेन्रींना याची जाणीव होती. हम्फ्री डेव्ही आणि मायकेल फॅरडे यांच्यासारख्या शास्त्रज्ञांचा सल्ला त्यांनी घेतला, पाण्याच्या फवाऱ्यांतून धूर नेऊन पाहिला. तो थोडा कमी झाला, संपला नाही. शेतकरी कोर्टात गेले, तरी भट्ट्या पेटत्याच राहिल्या. 1860 च्या दशकात मुलगा हेन्री हसी विव्हियन याने त्याच धुरातून गंधकाम्ल काढायला सुरुवात केली. म्हणजे धुराला बाजारात भाव आला, तेव्हा कुठे तो अडवला गेला. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं.

विव्हियनांचं स्वतःचं घर मात्र शहराच्या पश्चिमेला, सिंगलटनला, समुद्राजवळ होतं. आज तिथे विद्यापीठ आहे.

कारखाना 1980 मध्ये बंद पडला. मागे उरली पडकी इंजिनघरं, एक धुराडं आणि ही मळी. तावेच्या या दरीची साफसफाई 1960 च्या दशकातच सुरू झाली होती. विषारी मातीत काय तगेल हे शोधून हजारो रोपं लावली गेली. लावणाऱ्यांत शाळकरी मुलंही होती.

आता कॅमेरा वर नेऊया, किल्वी टेकडीकडे. ती हिरवी दिसते ना, त्या हिरव्यात त्या मुलांनी लावलेली झाडंही आहेत.