हुरड्याच्या वासाचा न्यूरॉन नसतो हो!

नमस्कार मंडळी. हुरड्याचा व्हिडिओ टाकला आणि कमेंटमध्ये एकच धोशा, "दादा, हुरड्याचा वास ओळखणारा न्यूरॉन मेंदूत कुठं असतो?" नसतो! (न्यूरॉन म्हणजे संदेश नेणारी पेशी.) एक भाऊ तर म्हणतात, "फिरवून सांगू नका, जागा सांगा." आता जागा काय सातबाऱ्यावर दाखवू का?

बेसिक पटकन उरकू. नाकाच्या पार वरच्या भागात वासाचे न्यूरॉन असतात. हवेतले रेणू त्यांच्यावरच्या रिसेप्टरला, म्हणजे रेणू पकडणाऱ्या खाचेला, चिकटले की विजेचा संदेश मेंदूकडे जातो. झालं.

घोळ पुढं आहे. आपल्याकडं साधारण 400 तऱ्हेचे रिसेप्टर, आणि एका न्यूरॉनवर एकाच तऱ्हेचा. म्हणून लोक म्हणतात, 400 रिसेप्टर म्हणजे 400 वास. चूक! एक रेणू बहुधा अनेक रिसेप्टर चाळवतो, कुणाला जास्त, कुणाला कमी. वर्गात गुरुजींनी प्रश्न टाकला की कोणकोणती पोरं हात वर करतात, त्यावरून प्रश्न ओळखायचा, तसं हे.

नाही पटलं? अक्षरं घ्या. मोजकीच आहेत, पण 'रस' आणि 'सर' एक आहे का?

तरी नाही? मग मोगरा. त्यात इंडोल असतं. थोडं असलं तर फुलाचा वास, जास्त झालं की शेणखताच्या वाटेवर. रेणू तोच, पण वाढला की आणखी रिसेप्टर जागे होतात, जागे झालेल्यांची नक्षी बदलते.

ही नक्षी जुळते ऑल्फॅक्टरी बल्बमध्ये, म्हणजे मेंदूच्या नाकाजवळच्या गाठीत. मोंढ्यात गावोगावचं सोयाबीन एका ढिगात, तूर दुसऱ्या ढिगात, तसं एकाच रिसेप्टरच्या न्यूरॉनचे सगळे धागे ठरावीक गोळ्यांत येतात. त्यांना ग्लोमेरुलस म्हणतात. कोणते गोळे पेटले, ते पुढं पिरिफॉर्म कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा वास ओळखणारा भाग, वाचतो. रिसेप्टरची जनुकं 1991 मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी शोधली, 2004 मध्ये नोबेल मिळालं.

आणि डोळ्या-कानाचे संदेश आधी थॅलॅमसकडं, म्हणजे मेंदूतल्या संदेशांच्या नाक्यावर, हजेरी लावतात. वास मात्र थेट पिरिफॉर्मकडं, भावनेच्या अमिग्डलाकडं. म्हणून आगटीत गोवरीच्या आरावर कणीस पडलं की मला आजोबांचा काळा पडलेला तळहात दिसतो, गरम हुरडा चोळणारा.

मागं सर्दीत नाक बंद होतं. चुलीवर फोडणी करपली, मी आपला मोबाईलमध्ये. आई ओरडली, "काय करायलास रे, जळायलंय की!" त्यावर व्हिडिओ बनवायला निघालो, तर म्हणाली, "आधी कढई घास."